आचारी, आचार्य आणि माझा संगणक

घर बदलताना भांडीकुंडी मोजून टेम्पोत भरता येतात. संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम बदलताना मात्र नेमकं काय मागे राहणार आहे, ते आधी कळत नाही. माझं काय राहायची वेळ आली होती, ते आज सांगते.

मी भाषांतराची कामं करते. औषधांबरोबरची माहितीपत्रकं, विम्याचे अर्ज, पाण्याच्या पंपांच्या पुस्तिका. २००२ पासून माझ्या घरी विंडोज एक्सपीचा संगणक होता. त्यावर मराठी टाइप करायचं एक सॉफ्टवेअर होतं, आणि ते चालावं म्हणून संगणकाच्या पाठीमागे काडेपेटीएवढं एक हार्डवेअर लॉक लावलेलं असे. ते काढलं की मराठी बंद! मी टायपिंग शिकले टाइपरायटरवर, तीच कळांची रचना या सॉफ्टवेअरमध्ये होती. त्यामुळे बोटं आपोआप चालायची. याच संगणकावर बारा वर्षांत मी शब्दांची एक वही तयार केली होती. जवळजवळ नऊ हजार नोंदी. कुठल्या इंग्रजी शब्दाला कुठे कोणता मराठी शब्द वापरला, आणि का, ते सगळं त्यात होतं. माझी खरी पुंजी म्हणाल तर तीच.

८ एप्रिल २०१४ ला एक्सपीला मिळणारी सुरक्षा-दुरुस्ती कंपनीने थांबवली. मला काम देणाऱ्या संस्थेचं पत्र आलं : यापुढे काम नव्या सिस्टिमवर, आमच्याच प्रोग्रॅममध्ये, आणि फक्त युनिकोडमध्ये. मुदत एक महिना. नाही म्हणणं परवडणारं नव्हतं.

नवा संगणक आला. त्याला ते लॉक लावायची खाचच नव्हती. वही उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, डॉलरची चिन्हं, कंस आणि स्वल्पविराम यांची खिचडी. पोटात गोळा आला.

भाच्याने समजावलं, ‘‘आत्या, तुझ्या त्या फाइलीत मराठी कधी नव्हतंच.’’ आणि ते खरं होतं. जुन्या फाँटमध्ये आत साठवलेली असत ती रोमन अक्षरं नि चिन्हं. फाँट त्यांच्यावर मराठी मुखवटा चढवत असे, एवढंच. मुखवटा गेला की आतलं उघडं पडे. शिवाय टाइपरायटरच्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करायची, कारण ती दिसते आधी. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते, आपण उच्चारतो तशी. म्हणजे नुसती अक्षराला अक्षर बदलूनही भागत नाही, त्यांची जागाही बदलावी लागते. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून जागा होती, आणि माझ्या एक्सपीतही ती सोय होती. फक्त कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन ती चालू करावी लागे. बारा वर्षांत मी ती केली नव्हती. कुणाला दोष देणार!

भाच्याने एक रूपांतर करणारा प्रोग्रॅम शोधला. दोन मिनिटांत नऊ हजार नोंदी वाचता येऊ लागल्या. मी पेढे आणायच्या बेतात होते. तेवढ्यात विम्याच्या एका नोंदीवर नजर गेली. स्वयंपाकघरातल्या कामगारांसाठी मी लिहिलं होतं, ‘आचाऱ्यांना भाजल्यास’. तिथे झालं होतं ‘आचार्यांना भाजल्यास’. आपला तो आडवा अर्धा र मराठीचा खास. युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र जागा नाही, तो दोन-तीन चिन्हं जोडून तयार करावा लागतो. त्या प्रोग्रॅमला ते ठाऊक नव्हतं. दऱ्यांचे सगळे दर्या झाले होते.

इथवर हसता येत होतं. पुढे औषधांच्या नोंदी आल्या. माहितीपत्रकात ५०० या आकड्यापुढे मी इंग्रजी ‘एम’ आणि ‘जी’ ही अक्षरं फाँट बदलून टाइप करत असे. रूपांतराच्या वेळी कुठे कोणता फाँट होता ही माहिती गळून पडली आणि प्रोग्रॅमने त्या दोन अक्षरांनाही मराठी समजून बदलून टाकलं. आकडा जागेवर, पण पुढे अर्थहीन दोन अक्षरं. मिलिग्रॅम की मिलिलिटर, हे नुसत्या आकड्यावरून कसं कळणार? तशीच नोंद मी पुढच्या पत्रकात उतरवली असती तर? त्या रात्री झोप आली नाही.

मग मी जुना संगणक पुन्हा जोडला, त्याची इंटरनेटची वायर काढून टाकली आणि सगळी वही कागदावर छापून घेतली. रोज संध्याकाळी डावीकडे कागद, उजवीकडे नवा पडदा. चार महिने लागले. दिवसा इन्स्क्रिप्टचा सराव : स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. मिनिटाला चाळीस शब्दांचा वेग होता, तो पंधरावर आला. आमचे पैसे शब्दांवर मिळतात, त्यामुळे ते चार महिने किराण्याच्या यादीतही जाणवले. हे संस्थेच्या पत्रात कुठेच नव्हतं. सिस्टिम बदला म्हणणाऱ्याला एक ओळ लिहावी लागते. बदलणाऱ्याचे महिने कुणी मोजत नाही, ही माझी तक्रार अजून कायम आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची मोफत मदतही संपली. विंडोज ११ ला माझा संगणक चालेना, त्याला लागणारी सुरक्षेची चिप यात नाही. संस्थेचा प्रोग्रॅम आता ब्राउझरमध्ये चालतो, म्हणून भाच्याने त्यावर लिनक्स घातलं. इन्स्क्रिप्टची रचना तिथेही तीच. वही उघडताना मी खुर्चीच्या कडेवर बसले होते. आधी शोधलं ते ‘आचाऱ्यांना’. होते जागेवर. मग ५०० च्या पुढचे मिलिग्रॅमही. फक्त ‘ल’ हिंदी वळणाचा दिसत होता. भाचा म्हणाला, फाँट बदलून देतो. म्हटलं, दे, पण जेवल्यावर.