लहान मुलं आणि आपल्या किनाऱ्यावरचे कातळ
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला 'सॉफ्टवेअर क्षेत्रातील संधी' असा विषय सुचवला होता. तो मी अदबीने परत केला. संधी शोधण्यात आपली मुलं आपल्यापेक्षा हुशार आहेत. मी बोलणार आहे ते घरातल्या पाच ते दहा वर्षांच्या मुलांना खडक चढायला कुठे न्यायचं, याबद्दल. सुट्टीत माहेरी आले की मी हेच शोधत फिरते, आणि पुण्यामुंबईतले तुमच्यापैकी कितीतरी जण फोन करून हेच विचारतात.

शहरात आता चढाईच्या भिंती झाल्या आहेत. रंगीत खुंट्या, खाली जाड गाद्या, तासाचे पैसे. त्यात वाईट काही नाही. २०१६ आणि २०१७ साली बोल्डरिंगची वर्ल्ड कप स्पर्धा शेजारी नवी मुंबईत झाली, तीही कृत्रिम भिंतीवरच. पण तिथे पाय कुठे ठेवायचा हे कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. कातळावर ते मुलाला स्वतः शोधावं लागतं. त्यासाठी आपला काळा कातळ फार चांगला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांची भोकं राहिली. जिथे आपलं एक बोट कसंबसं जातं, तिथे सहा वर्षांच्या मुलाची दोन जातात.

जागा बघताना मोठी माणसं वर बघतात. किती उंच आहे, फोटो कसा येईल. मुलांसाठी आधी खाली बघायचं. पडलं तर कशावर पडेल? खाली सपाट वाळू हवी, अणकुचीदार दगड नकोत. उंची किती? मी खाली उभी राहून हात वर केला की मुलाची कंबर हाताला लागली पाहिजे, त्याच्या वर नाही. आणि उतरणार कसं? मुलं मांजरासारखी चढतात आणि मांजरासारखीच वर अडकतात. म्हणून आमच्याकडे नियम आहे, जेवढं चढलास तेवढं उतरून दाखव, मग पुढचा हात. दगडावर थाप मारून बघायची, पोकळ वाजला तर तो सुटणारा. जांभा धरायला खरखरीत, छान वाटतो, पण त्याच्या कडा हातात तुटून येतात. पावसाळ्यात कुठेच नाही. शेवाळावर मोठ्यांचे पाय टिकत नाहीत, तिथे मुलांचं काय!

या हिशेबाने माझ्या यादीत अगदी लहानांसाठी काशीदच्या किनाऱ्याच्या टोकाचे वाळूतले खडक आहेत. तिथला समुद्र दगाबाज, म्हणून एका मोठ्या माणसाने फक्त पाण्याकडे बघत बसायचं, मोबाईल न काढता. अलिबागला कुलाबा किल्ल्याकडे जाताना ओहोटीत उघडा पडणारा कातळ हातापायांवर चालायला उत्तम. तिथे कॅनव्हासचे बूट हवेतच, कालवांच्या कडा पात्यासारख्या कापतात. किल्ल्याच्या तटावर मात्र चढू द्यायचं नाही. चुन्याशिवाय नुसते दगडावर दगड रचून उभा केलेला तो तट आहे आणि संरक्षित स्मारक आहे. सागरगडाची वानरटिंगी मुलं लांबूनच बघू देत. तो सुळका दोराचं काम येणाऱ्यांचा.

सगळ्यात देखणा खडक हरिहरेश्वरचा. लाटांनी कोरलेली ती जाळी बघून मुलांचे हात शिवशिवणारच. माझ्या यादीतून तो मी सगळ्यात आधी काढला. देवळामागे प्रदक्षिणेची वाट जिथून जाते तिथे भरतीला मागे सरायला जागा राहत नाही. पाटी लावलेली असूनही दर सुट्टीत कुणीतरी पोराला घेऊन फोटोसाठी कडेला उभं असतंच. चिडचिड होते माझी.

गॅदरिंगला आपण सगळ्यांनी हिरकणी बघितली आहे. दंतकथा अशी की ती कडा उतरली, महाराजांनी तिचा सन्मान केला आणि तिथे बुरूज बांधून वाट बंद केली. गडाच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. आपण मात्र मुलांच्या बाबतीतही तेच करतो. कौतुक करायचं, व्हिडिओ काढायचा आणि 'आता पुरे, पुन्हा नाही' म्हणायचं. ज्या मुलाला बुटक्या खडकावरून उतरायची सवय नाही, ते पंधराव्या वर्षी मित्रांबरोबर उंच कड्यावर जातं. मला भीती त्याची वाटते.

भरतीचं गणित ॲपवर मिळतं, पण ॲपआधीही आपल्याकडे ते होतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, अंदाजे. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. पाउणकी पाठ असलेल्या पिढीला हे तोंडी यायचं. सॉफ्टवेअरवाली म्हणून सांगते, इतका छोटा आणि कामाचा प्रोग्राम मी अजून लिहिलेला नाही. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फारसं हटत नाही, तेव्हा कातळ पुरता उघडा पडत नाही. वेळ कुठलीही आली तरी ओहोटी चालू असताना जायचं आणि पाणी वळलं की परत फिरायचं.

उद्या संकष्टी. चार पाउणे तीन, म्हणजे भरती पहाटे तीनच्या सुमारास, ओहोटी नऊला. ज्यांना मुलं आणायची आहेत त्यांनी साडेसातला अलिबागच्या किनाऱ्यावर यावं. बूट, पाणी आणि एका मुलामागे एक मोठं माणूस. उपासवाल्यांसाठी शेंगदाण्याचे लाडू मी आणते.