आंब्यातून गोडी काढली तर काय उरते?



आजचा विषय 'चिद्वाद' आहे. हा शब्द ऐकून मागच्या ओळीतील काही मुले दाराकडे पाहू लागली आहेत; त्यांनी थोडा धीर धरावा. पुष्कळदा यास 'आदर्शवाद' म्हणतात, पण त्यामुळे घोटाळा होतो. उच्च ध्येय बाळगणे निराळे, आणि जगाच्या मुळाशी जड पदार्थ नसून चैतन्य आहे असे मानणे निराळे.

आयर्लंडच्या जॉर्ज बर्कली यांनी १७१० साली विचारलेला प्रश्न आपल्या भाषेत असा मांडता येईल : आंब्यातून रंग, वास, गोडी व स्पर्श काढून टाका, मागे कोणता आंबा उरतो? काहीच नाही. तेव्हा वस्तूचे असणे म्हणजे तिचे जाणले जाणे. मग रिकाम्या खोलीतील मेजाचे काय? ते ईश्वराच्या जाणिवेत असते, हे त्यांचे उत्तर. १७६३ साली डॉ. जॉन्सन यांनी एका दगडाला लाथ मारून हे मत खोडले म्हणे! परंतु पायाला लागलेली ठेच हीदेखील जाणीवच की.

खरे वळण दिले ते इमॅन्युएल कांट यांनी. खोगीर-पट्टे बनविणाऱ्या कारागिराचा हा मुलगा. त्यांचा मुख्य ग्रंथ १७८१ साली, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी निघाला. वीज चमकते, मग गडगडाट ऐकू येतो. डोळ्यांना वीज दिसते, कानांना आवाज कळतो. पण आपण विजे'मुळे' गडगडाट झाला म्हणतो, तो 'मुळे' कोणत्या इंद्रियाने कळला? तो बुद्धीने घातला. मन हे बाहेरून भरावयाचे मडके नाही, ते अनुभवाला घडविते. मात्र बाहेर काहीच नाही, हे कांटना मान्य नव्हते; १७८७ च्या आवृत्तीत त्यांनी त्याचे मुद्दाम खंडन केले. वस्तू आहे, पण ती स्वतः कशी आहे हे आपणांस कळत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे.

योहान फिख्टे हे फीत विणणाऱ्याचे पोर. लहानपणी त्यांनी चर्चमधील प्रवचन जसेच्या तसे म्हणून दाखविले, म्हणून एका जमीनदाराने त्यांना शिकविले, असे सांगतात. १७९१ साली ते कांटना भेटले आणि पैशाच्या अडचणीमुळे कर्ज मागितले. कांटनी कर्ज दिले नाही; त्यांच्या पुस्तकाला प्रकाशक मिळवून दिला! १७९२ साली ते निनावी निघाले. लोकांना ते कांटचेच वाटले. कांटनी खुलासा करताच फिख्टे प्रसिद्ध झाले. पुढे याच शिष्याने कांटची ती अज्ञेय वस्तू टाकून दिली आणि सारे 'अहं'वर उभे केले. हेगेल यांनी १८०७ मध्ये त्याही पुढे जाऊन इतिहासालाच चैतन्याचा विकास म्हटले. हेगेल कठीण आहेत. आज त्यांना हात लावीत नाही.

या परंपरेचा एक धागा आपल्याकडेही येतो. इक्बाल १९०५ साली केंब्रिजला गेले, तेथे हेगेलचे अभ्यासक मॅक्टॅगार्ट त्यांचे गुरू होते. काळ हा सत्य नव्हे, असे मॅक्टॅगार्ट यांचे मत. इक्बाल यांनी गुरूंविषयी आदर कायम ठेवला. परंतु १९३० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत त्यांचे नाव घेऊन तो युक्तिवाद तपासला, आणि काळ खरा आहे असे प्रतिपादिले.