हुकुमाची मुदत

पेशीच्या केंद्रकातील डीएनए हे मूळ दफ्तर, आणि त्यातील एकेका हुकुमाची जी नक्कल पेशीद्रवात रवाना होते ती संदेशवाहक आरएनए, ही गोष्ट १९६१ सालापासून शास्त्राला ठाऊक आहे. परंतु नकला किती निघतात याचाच विचार पुष्कळ काळ प्रामुख्याने झाला, आणि निघालेल्या नकलेचा अंमल किती वेळ चालावा, हा माझ्या मते तितकाच मोलाचा प्रश्न मागे पडला.

ग्लोबिन या रक्तातील प्रथिनाचा संदेश कित्येक तास टिकतो. उलट पेशीच्या वाढीस चालना देणाऱ्या फॉस, मिक या प्रथिनांचे संदेश अर्ध्याएक तासातच निम्मे नष्ट होतात. १९८५ साली अमेरिकेतील संशोधकांनी विषाणूच्या चालक भागाशी जोडलेल्या फॉस जनुकातून, प्रथिनाच्या घडणीत ज्याचा काडीमात्र वाटा नाही असा, शेपटाकडील ६७ अक्षरजोड्यांचा तुकडा काढून टाकला, आणि निरुपद्रवी जनुक कर्कजनक झाले! पुढल्याच वर्षी शॉ व केमेन यांनी ए आणि यू या अक्षरांनी भरलेला असा एक तुकडा ग्लोबिनच्या संदेशास जोडला, तेव्हा तो दीर्घायुषी संदेशही अल्पायुषी ठरला.

त्या अक्षरांना ट्रिस्टेट्राप्रोलिन हे प्रथिन बिलगते व संदेशाचे शेपूट कुरतडणाऱ्या विकरांना पाचारण करते. दाह किंवा आघात झाला की पी-३८ नावाच्या विकरापासून एमके-२ या दुसऱ्या विकराकडे इशारा जातो, एमके-२ ट्रिस्टेट्राप्रोलिनवर फॉस्फेट चढवते, आणि त्यामुळे ट्रिस्टेट्राप्रोलिनची पाचारण करण्याची शक्ती खुंटून संदेश तगून राहतो. निरोगी शरीरात ही सवलत तात्पुरती असते, कारण दुसरी विकरे ते फॉस्फेट उतरवतात. परंतु अनेक कर्करोगांत हा इशारा थांबतच नाही, किंवा ट्रिस्टेट्राप्रोलिनच तुटपुंजे असते, आणि संदेशाचे रक्षण करणारे एचयूआर हे प्रथिन पेशीद्रवात वाढते. मग नव्या रक्तवाहिन्या ओढून आणणाऱ्या व्हीईजीएफचे आणि दाह चेतवणाऱ्या कॉक्स-२ चे संदेश मुदतीपलीकडे चालू राहतात, व गाठीला त्यांतूनच रसद मिळते.

तेव्हा उपचाराची एक दिशा या फॉस्फेटच्या चढ-उताराकडे वळावी, अशी माझी कळकळीची इच्छा आहे. मात्र ट्रिस्टेट्राप्रोलिनरहित उंदीर संधिदाहाने पछाडतात व खंगत जातात हे १९९६ साली दिसले असल्यामुळे, त्याच्या कामात हात घालणाऱ्याने परिणामांचा अंदाज संपूर्ण शरीराच्या मानाने बांधला पाहिजे.