हाडांची पेढी



पुण्याच्या मार्केट यार्डातील भुसार बाजारात नाचणीही विकली जाते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. शरीरातील ९९ टक्के कॅल्शियम हाडांत व दातांत साठलेले असते. रक्तात ते घटताच मानेतील चार चिमुकल्या परावटु ग्रंथी आपला अंतःस्राव सोडतात. त्यायोगे हाडांतून कॅल्शियम रक्तात येते. हृदय व स्नायू चालण्यासाठी ही उसनवारी आवश्यकच होय. मात्र नाचणी, दूध व उन्हामुळे मिळणारे ड जीवनसत्त्व यांनी ती फिटली नाही, तर वाढत्या मुलास मुडदूस होतो. वर्गात वाकलेल्या पायांचे मूल दिसल्यास इतरांस त्याला हसू देऊ नये. पालकांस बोलावून त्यास सत्वर डॉक्टरांकडे पाठवावे.