मृगाचं वाहन आणि चंद्राचं खळं



जून उजाडला की पंचांग खाली निघतं. यंदा मृग नक्षत्राचं वाहन काय? बेडूक, म्हैस, हत्ती असेल तर पाऊस चांगला. कोल्हा निघाला की चेहरे उतरतात. आता हे वाहन ठरतं कसं, ते ऐका. सूर्य मृगात शिरतो तेव्हा चंद्र कुठल्या नक्षत्रात आहे, मृगापासून तिथपर्यंत मोजायचं आणि नवानं भागायचं. बाकी दोन उरली तर कोल्हा, तीन उरली तर बेडूक, शून्य उरलं तर हत्ती. आभाळाकडे मान वर करायचंही काम नाही! शिवाय दापोलीला जो बेडूक, तोच दुष्काळी जतलाही.

वाहन असं नुसत्या भागाकारावर ठरतं, पावसाच्या नक्षत्रांचं मात्र तसं नाही. ती सूर्यावर चालतात, त्यामुळे ज्येष्ठ महिना मागेपुढे सरकला तरी मृग ७-८ जूनच्या आसपासच लागतो. तळकोकणात मोसमी पाऊस पोचतो तोही साधारण याच सुमाराला.

मला स्वतःला वाहनापेक्षा चंद्राभोवतीच्या खळ्याचं मोल जास्त वाटतं, कारण त्यासाठी रात्री अंगणात उभं राहावं लागतं. जुनी माणसं सांगतात, खळं मोठं तर पाऊस जवळ, चंद्राला चिकटलेलं तर पाऊस लांब. ही दोन खळी खरोखरच वेगळी असतात. चिकटलेलं खळं पातळ ढगातल्या पाण्याच्या थेंबांमुळे पडतं. मोठं पडतं ते फार उंचावरच्या ढगातल्या बर्फकणांमुळे. हात लांब करून वीत पसरा, अंगठा चंद्रावर ठेवा. करंगळी जवळजवळ कड्याला टेकते. हे अंतर सुमारे २२ अंशांचं.

युरोपात असा ढग पुष्कळदा पावसाच्या पुढे पुढे चालत येतो, म्हणून तिथे हा ठोकताळा बऱ्यापैकी जमतो. आपल्याकडे आषाढात गंमत होते. खालचे काळे ढग पश्चिमेकडून येतात आणि फार उंचावरचे पांढरे ढग पूर्वेकडून. उघडीप मिळाली की दोन्ही थर उलटसुलट जाताना साध्या डोळ्यांनी दिसतात. तेव्हा खळं दिसलं, तर पूर्वेला कुठेतरी मोठा गडगडाटी ढग फुटला असावा, एवढंच कळतं. तो पाऊस आपल्या वावरात येईल की नाही, हे खळं सांगत नाही.

जाणता शेतकरी पेरणी काही खळ्यावर सोडत नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाला, ढेकूळ फोडून आतली ओल बघितली, की मगच तिफण बाहेर निघते.