फुगलेली पॉवर बँक आणि बाबांचा प्रश्न

आजचा भाग म्हणजे थोडा कबुलीजबाबच आहे, त्यामुळे आधीच सांगतो, हसायचं नाही.

आम्ही राहतो मोशीला. दोनेक वर्षांपूर्वी माझी एक पॉवर बँक फुगली. म्हणजे अगदी पुरीसारखी टम्म. मी काय केलं? चिप्सची पाकिटं, दुधाच्या पिशव्या आणि त्यात ती पॉवर बँक, असं सगळं सुक्या कचऱ्याच्या पिशवीत कोंबलं आणि खाली ठेवून आलो. बी.टेक. झालेला माणूस, दिवसभर कोडमध्ये कुठे काय फुटेल ते शोधण्याचा पगार घेतो आणि घरात हे.

सकाळी घंटागाडी आली. गाडीवरच्या मावशी पिशव्या दाबून बसवत होत्या. एकदम फस्सकन आवाज आला आणि पांढरा धूर. त्यांनी ती पिशवी हातानेच ओढून रस्त्यावर फेकली. गाडी वाचली, पण त्यांची दोन बोटं भाजली. मी गॅलरीत चहा पीत उभा होतो. खाली जाऊन "मावशी, ती माझी होती" असं म्हणालो तेव्हा त्या काय म्हणाल्या सांगू? "दादा, आम्हाला नुसतं सांगितलं असतं तरी वेगळी ठेवली असती." बस. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

झालं काय होतं ते सांगतो. लिथियम बॅटरी जुनी झाली की आतलं रसायन बिघडून वायू तयार होतो, म्हणून ती फुगते. आत दोन थरांमध्ये एक पातळ पडदा असतो. दाब पडून तो फाटला की आतल्या आत शॉर्ट सर्किट, मग उष्णता आणि त्या उष्णतेने आणखी उष्णता. पिशवीत सोबत कागद आणि प्लास्टिक असतंच. कचऱ्याच्या गाडीत आग लागायला अजून काय पाहिजे?

मग मी घरातलं सगळं इलेक्ट्रॉनिक भंगार बाहेर काढायचं ठरवलं. माळ्यावर चढलो तर अक्षरशः म्युझियम! तीन बटणांचे फोन, एक सेट-टॉप बॉक्स, वायरींचं भेंडोळं, बंद मिक्सर आणि बाबांनी दहावीनंतर मला घेऊन दिलेला कॉम्प्युटर, त्या अवजड काचेच्या मॉनिटरसकट. बाबा चाकणला कंपनीत, फर्स्ट शिफ्ट असली की पहाटे बस धरायची. तो कॉम्प्युटर त्यांनी हप्त्यांवर घेतला होता. त्यामुळे "टाकून देऊ" हा शब्द मी काढला नाही. "देऊन टाकू" म्हणालो.

बाबांनी सरळ विचारलं, "भंगारवाला याचे पैसे देतो. तुझे ते रिसायकलवाले फुकट नेणार. मग शहाणा कोण?"

प्रश्न अगदी बरोबर आहे, बरं का. मला उत्तर द्यायला आठवडा लागला.

भंगारवाला पैसे देतो ते तांब्याचे, ॲल्युमिनियमचे, लोखंडाचे. ते काढायचं सर्वांत स्वस्त तंत्र म्हणजे वायर जाळणं. वरचं पीव्हीसी जळतं, डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं हवेत जातात, तांबं उरतं. सर्किट बोर्डावरचं सोनं काढायला ॲसिड वापरतात आणि उरलेलं ॲसिड गटारात. जुन्या मॉनिटरच्या काचेत शिसं असतं. त्या काचेला भाव नाही, म्हणून ती फोडून कुठेतरी टाकली जाते. म्हणजे बाबांना मिळणाऱ्या दोनशे रुपयांचा खर्च दुसरं कुणीतरी फुप्फुसातून भरतं.

यात मी भंगारवाल्याला खलनायक करणार नाही. आमच्या शेजारी कुदळवाडी-चिखलीत कित्येक वर्षं भंगाराची गोदामं होती. आगीही लागायच्या, काळा धूर आमच्या खिडकीतून दिसायचा. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली हजारो बांधकामं पाडली. जागा मोकळी झाली, पण भंगार काही संपलं नाही, ते हलवलं गेलं. आणि या शहरात निघालेली प्रत्येक लोखंडी पट्टी पुन्हा भट्टीत नेणारी माणसं तीच. अडचण त्यांच्या कामाची नाही, मास्क आणि मशीनशिवाय ते काम करावं लागतं याची आहे.

आता "फुकट का नेतात" त्याचं उत्तर. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यात शंभराहून जास्त प्रकारच्या वस्तू आहेत. २०१६ च्या नियमांत एकवीसच होत्या. वस्तू बनवणाऱ्या कंपनीला ठरलेल्या प्रमाणात ई-कचरा नोंदणीकृत रिसायकलरकडून रिसायकल झाल्याचं प्रमाणपत्र घ्यावंच लागतं. म्हणजे तो खर्च फोन विकणाऱ्याच्या खिशातून यायचा आहे. जगात २०२२ मध्ये ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के नीट गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे. टोकियो ऑलिंपिकची सगळी पदकं जुन्या फोन-लॅपटॉपमधून काढलेल्या धातूंची होती, सोनं सुमारे ३२ किलो! बाबांना नियमांपेक्षा हे जास्त पटलं.

शेवटी आम्ही पुण्याच्या पूर्णम इकोव्हिजन या संस्थेच्या 'ई-यंत्रण' संकलनाची वाट पाहिली. जानेवारीत त्यांची ही मोहीम असते, ठिकठिकाणी संकलन केंद्रं लागतात. चालण्यासारखे कॉम्प्युटर दुरुस्त करून ते गरजू शाळांना देतात, हे ऐकल्यावर बाबा स्वतःच सीपीयू पुसायला बसले.

द्यायच्या आधी थोडं काम आहे, आणि इथे माझा धंदा कामी येतो. फोनमधून आधी गुगल किंवा ॲपल खातं साइन आउट करा, मग फॅक्टरी रीसेट. उलट केलंत तर फोन लॉक राहतो आणि पुढच्याला तो वापरता येत नाही. अलीकडच्या फोनमध्ये डेटा एन्क्रिप्ट असतो, रीसेट झाला की त्याची किल्लीच जाते, त्यामुळे घाबरू नका. जुन्या हार्ड डिस्कचं मात्र तसं नाही. डिलीट केलं किंवा क्विक फॉरमॅट मारलं तरी फाइल तिथेच असते, फक्त अनुक्रमणिकेतलं नाव खोडलं जातं. त्यावर पूर्ण ओव्हरराइट चालवा, नाहीतर सरळ ड्रिलने भोकं पाडा. मी दुसरा उपाय केला. त्याआधी त्यातले आजीचे फोटो काढून घेतले. ते तिथे आहेत हेच आम्ही विसरलो होतो.

बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावा. फुगलेली असेल तर टोचू नका, दाबू नका, कोरड्या वाळूच्या डब्यात घराबाहेर ठेवा आणि देताना तोंडाने सांगा. ट्यूबलाइट आणि सीएफएल न फोडता वेगळ्या द्या, त्यात पारा असतो.

आमच्या सोसायटीत आता गेटजवळ एक ड्रम आहे, त्याला कुलूप. चावी वॉचमन काकांकडे. बॅटऱ्यांसाठी वेगळा वाळूचा डबा आहे आणि त्यावरची मराठी पाटी मावशींना विचारून लिहिली. मी 'लिथियम-आयन' लिहिणार होतो. त्या म्हणाल्या, "दादा, 'फुगलेली बॅटरी' लिहा."