तापानंतरचे हृदय

मुंबईत अंधेरीचा सबवे पाण्याखाली गेला की उपनगरांत तापाचे दिवस जवळ आले, असे समजायला हरकत नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि पाठोपाठ लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे लेप्टोची, साथ आली. ताप आला की प्लेटलेट मोजायच्या, हे आता घरोघरी ठाऊक आहे. हृदयाची आठवण मात्र सहसा होत नाही. डेंग्यू, लेप्टो, इतकेच काय, साध्या विषाणूजन्य तापातही हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते. डॉक्टर तिला मायोकार्डायटिस म्हणतात. बहुतेकांची ती ओसरते. पण काहींच्या हृदयाची ताकद कायमची कमी होते, आणि धडधाकट तरुणाच्या अकस्मात मृत्यूमागेही कधी तीच असते. संशय असेल तिथे हृदयाचा एमआरआय शेवटचा उपाय म्हणून न ठेवता लवकर करावा, असे माझे म्हणणे आहे.

कारण बाकीच्या तपासण्या अर्धेच सांगतात. रक्ततपासणीत ट्रोपोनिन वाढले म्हणजे स्नायूला इजा झाली, एवढे कळते. ती कशाने झाली हे कळत नाही. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, हृदय किती जोराने आकुंचन पावते ते दाखवतो, पण सूज थोडी असेल तर तो नॉर्मलही येतो. अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या मोकळ्या दिसतात आणि विशीतला मुलगा ‘ॲसिडिटी’ म्हणून घरी जातो. हृदयाचा तुकडा काढून तपासणे सर्वांत खात्रीचे खरे, पण सूज ठिकठिकाणी विखुरलेली असते आणि नेमकी तीच जागा सुटू शकते. एमआरआय स्नायूत साचलेले पाणी आणि झालेली इजा, दोन्ही दाखवतो. हार्ट अटॅकची इजा आतल्या थरापासून सुरू होते. मायोकार्डायटिसची बहुधा मधल्या किंवा बाहेरच्या थरात असते. हे वाचण्याचे निकष 2009 मध्ये ठरले आणि 2018 मध्ये सुधारले गेले. पाणी मात्र काही आठवड्यांत ओसरते. तपासणी उशिरा झाली, तर पुरावा पुसट झालेला असतो.

मग प्रत्येक तापकऱ्याला यंत्रात घालायचे का? मुळीच नाही. कोविडच्या काळात, 2020 मध्ये, फ्रँकफर्टच्या एका अभ्यासात बऱ्या झालेल्या 100 जणांपैकी 78 जणांच्या हृदयात एमआरआयवर बदल दिसले आणि जगभर घबराट झाली. त्यातल्या आकडेवारीवर पुढे टीकाही झाली. 2021 मध्ये अमेरिकेतल्या, कोविड होऊन गेलेल्या 1,597 विद्यापीठ खेळाडूंच्या पाहणीत मायोकार्डायटिस 37 जणांत आढळला, आणि त्यांतल्या 28 जणांना हृदयाचा काही त्रासच नव्हता. अशा चित्राचा अर्थ काय लावायचा, हे अजून पुरते ठरलेले नाही. म्हणून क्रम हवा: लक्षणे, मग ईसीजी आणि ट्रोपोनिन, मग इको, आणि तिथे शंका उरली तर एमआरआय. खर्चाच्या आक्षेपालाही हेच उत्तर आहे, कारण पहिल्या पायऱ्या स्वस्त आहेत आणि शेवटच्या पायरीवर थोडेच पोचतात. त्या थोड्यांसाठी ही सोय महापालिकेच्या रुग्णालयांतही सहज मिळायला हवी. लेप्टोत मूत्रपिंड बिघडले असेल, तर एमआरआयच्या वेळी इजा स्पष्ट दिसावी म्हणून दिले जाणारे गॅडोलिनियमचे इंजेक्शन जपून द्यावे लागते. पण स्नायूतले पाणी मोजायला ते लागत नाही. रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला मात्र एमआरआयसाठी थांबवू नये, त्याचे उपचार आधी.

‘खास औषधच नाही, तर निदान कशाला?’ असेही विचारतात. या आजारात विश्रांती हाच मोठा उपचार आहे. सुजलेल्या स्नायूवर जोराचा ताण पडला, तर हृदयाचे ठोके जीवघेणे बिघडू शकतात. जिम, धावणे, क्रिकेट किती महिने बंद ठेवायचे, हे निदानाशिवाय ठरत नाही. आणि नुसते ‘जप’ म्हटलेला तरुण आठवड्याभरात मैदानावर असतो. तेव्हा या पावसाळ्यात तापात किंवा तापानंतर छातीत दुखले, जिना चढताना धाप लागली, धडधड झाली किंवा भोवळ आली, तर अशक्तपणा म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी ईसीजी आणि ट्रोपोनिन करून घ्या, आणि डॉक्टरांना नुकत्याच येऊन गेलेल्या तापाबद्दल आवर्जून सांगा.